अवजाराची माहिती कोणाच्या भाषेत?

वर्धा येथे 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी भरलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेने सर्वांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते उत्पादक हस्तव्यवसायाभोवती उभारावे, असे ठरविले. या ठरावामागे अर्थशास्त्र होते. अवजार चालविणाऱ्याला त्याचे मर्म कळले नाही, तर तो दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदारच राहतो.

आज संगणकाची आज्ञावली हेही उत्पादनाचे अवजार आहे. पायथॉन या संगणकभाषेबरोबर 2001 पासून ‘पायडॉक’ नावाचे एक लहानसे साधन विनामूल्य मिळते. टर्मिनलवर त्याचे व हव्या त्या घटकाचे नाव टंकित केले की तो घटक काय करतो, त्याला काय पुरवावे लागते, हे पडद्यावर उमटते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. हा मजकूर आज्ञावली लिहिणाऱ्यानेच तिच्या पोटात लिहून ठेवलेला असतो. पायडॉक तो फक्त बाहेर काढून दाखवते. अवजार आणि त्याची माहिती एकाच हातात देण्याची ही रीत 1971 च्या युनिक्स प्रणालीतील ‘मॅन’ पुस्तिकेइतकी जुनी आहे, आणि समाजवादी विचाराला ती जवळची वाटावी अशीच आहे.

परंतु हा मजकूर इंग्रजीत असतो. आर्वी वा समुद्रपूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे विनामूल्य साधनही बंद दारासारखे उभे राहते. ही अडचण तांत्रिक नव्हे. 2008 साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असा मजकूर सरळ देवनागरीत लिहिता येतो व पायडॉक तो दाखवितेही. (काही टर्मिनलांवर जोडाक्षरे मोडतात, तो दोष पायडॉकचा नव्हे.) उणीव आहे ती श्रमाची, आणि त्या श्रमाचे मोल कोणी द्यावे या निर्णयाची. जपानी व कोरियन स्वयंसेवकांनी पायथॉनची माहिती आपापल्या भाषेत नेली, हे कौतुकास्पदच. पण सार्वजनिक गरजेचे काम केवळ फुकटच्या श्रमावर सोडणे हे शासनाचे धोरण होऊ शकत नाही.

नोकरीसाठी इंग्रजी लागतेच, असा आक्षेप येईल. इंग्रजी अवश्य शिकावी. मात्र ज्ञानाच्या वेशीवरचा जकातनाका म्हणून नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये मराठीतून अभियांत्रिकी पदवीला वाट करून दिली आहे. तेव्हा सार्वजनिक पैशातून लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीच्या पोटात मराठी स्पष्टीकरण असलेच पाहिजे, अशी अट निविदेतच घातली जावी. आणि तंत्रनिकेतनांतील प्रकल्पांना गुण देताना त्या स्पष्टीकरणाचेही गुण धरले जावेत.