सोप्यातला कारखाना आणि 1 किलोवॅटचं मीटर

पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरी कटर, ग्राइंडर, रंदा मशीन चालतं त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा आमच्याच घरात जळका वास सुटला. चुलत भाऊ सोप्यात फर्निचरचं काम करतो. प्लायवूड कापायचं कटर आणि भुसा ओढायचा व्हॅक्यूम, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. बोर्डाची वायर टीव्हीच्या प्लगात, तीही पिन न लावता काडीनं खोचलेली. बोर्ड वितळून लोंबत होता आणि खाली भुशाचा ढीग. आणखी दहा मिनिटं कुणी आत आलं नसतं, तर आज ही पोस्ट वेगळी असती.

भाऊ म्हणतोय, "अरं, पण एमसीबी पडली न्हाई की!" पडंल कशी? सारखी पडते म्हणून गेल्या महिन्यात त्यानं 16 ची काढून 32 ची बसवून घेतली होती!

इथंच आपण चुकतोय. एमसीबी मशीन वाचवायला नसते, भिंतीतली वायर वाचवायला असते. वायर जुनीच ठेवून एमसीबी मोठी केली, की एमसीबी गप्प बसते आणि वायर जळते. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार घालणं म्हणजे हेच.

हिशेब सोपा आहे. कटर 1300 वॉट, व्हॅक्यूम 1200 वॉट, मिळून 2500. भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 11 अँपिअर. टीव्हीचा छोटा प्लग असतो 6 अँपिअरचा, त्यावर 1380 वॉटच्या पुढं जायचंच नाही. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त करंट ओढते.

मग व्हॅक्यूम बंद करायचा का? अजिबात नाही. लाकडाच्या भुशानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलंय. पोरांची फुप्फुसंही वाचली पाहिजेत आणि घरही.

उपाय आहे. मीटरजवळून कामाच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाइन: 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 20 अँपिअरची सी प्रकारची एमसीबी, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, 16 अँपिअरचे दोन प्लग आणि खरोखर चालणारं अर्थिंग. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आधी व्हॅक्यूम सुरू करा, मग कटर. मशीनच्या एका ब्लेडची किंमत वाचवायला जाऊन घर पणाला लावू नका.

आता गावाचा प्रश्न. आमच्या बिलावर मंजूर भार 1 किलोवॅट आहे. तुमचंही बिल काढून बघा. कागदावर प्रत्येक घर 1 किलोवॅटचं आणि प्रत्यक्षात अडीच-तीन किलोवॅट चालू असेल, तर डीपी कुठल्या हिशेबानं बसवायची? मग संध्याकाळी बल्ब मिणमिणतात, कटर दमतो, आपण तो आणखी दाबतो आणि मोटर जळते. डीपी गेली की महावितरणला शिव्या देतो. शिव्या द्यायच्या तिथं द्याच, पण आपला भार आपणच लपवलाय हेही कबूल करूया.

लोक म्हणतात, भार सांगितला की बिल वाढतंय. आतापर्यंतच्या दरपत्रकांत घरगुती सिंगल फेजचा स्थिर आकार कनेक्शनमागे आहे, किलोवॅटमागे नाही. भार वाढवताना एकदाचं शुल्क लागतं, तेवढंच. दुसरी भीती, घरगुती मीटरवर धंदा पकडला तर? वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये दुप्पट दरानं आकारणी आहे, खरं आहे. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या 2020 च्या दर आदेशातच लिहिलंय की, घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटच्या आणि आदल्या वर्षभरात 3600 युनिटच्या आत असेल, तर त्याला घरगुतीच दर. चालू दरपत्रक बघून खात्री करा. म्हणजे छोट्या सुताराला लपायची गरजच नाही. त्याच्यापुढं वापर जात असेल, तर रीतसर वेगळं कनेक्शन घ्या.

माझी मागणी दोन्हीकडं आहे. ग्रामपंचायतीनं पुढाकार घेऊन महावितरणकडून गावातच एक दिवस भार नोंदणीचं शिबिर लावून घ्यावं. आणि नोंदलेला भार बघून महावितरणनं डीपीची क्षमता वाढवावी. कागदावर भार आला, तरच आपल्याला हक्कानं भांडता येईल.

मुंबई-पुण्याहून परत येऊन गावात धंदा उभा करणारी पोरं आपलीच आहेत. त्यांचा धंदा चालला पाहिजे, म्हणूनच हे लिहितोय. भावानं काल 32 ची एमसीबी काढली. तुमच्या घरी कितीची आहे? आजच बघा आणि कमेंटमध्ये सांगा.