वीरांगनेच्या हाती इतिवृत्ताची वही

‘वंडर वुमन म्हणजे आपलीच!’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ भेटतात. अमेरिकेतल्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकानं जुलै १९७२च्या मुखपृष्ठावर तिला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं, हेही त्या कौतुकानं सांगतात. मला या कौतुकाशीच भांडायचं आहे. बाईचं चित्र मोठं करून लावायचं आणि बाईचं काम झाकून ठेवायचं, ही युक्ती या चित्रकथांच्या इतिहासात अगदी उघडी पडलेली आहे.

वंडर वुमन प्रथम १९४१च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’मध्ये आली. अनेक वीरांच्या कथा एकत्र छापणारा हा अंक. त्यातल्या वीरांची एक संघटना होती, ‘जस्टिस सोसायटी’. १९४२ मध्ये तिथे या बाईला घेतलं, ते सचिव म्हणून! डोंगर हलवणारी बाई, पण पुरुष सभासद शत्रूवर चालून गेले की हिनं मागे थांबायचं आणि इतिवृत्त लिहायचं. कुणी म्हणेल, ज्याला स्वतंत्र कथामाला मिळाली त्याला मानद सभासद करायचं, असा तिथे नियमच होता. असेल. सुपरमॅन आणि बॅटमॅनही मानद सभासद होते. त्यांच्या हाती कुणी वही दिली नाही.

हे झालं कागदावरच्या बाईचं. आता हाडामांसाच्या बाईचं ऐका. वंडर वुमनच्या कथांवर ‘चार्ल्स मोल्टन’ हे नाव छापलं जाई. हे मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांचं टोपणनाव. जगाचा कारभार पुढे बायकांच्या हाती जाईल, असं ते जाहीरपणे सांगत. जॉय हमेल ही न्यूयॉर्कमधल्या सेक्रेटरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतली त्यांची विद्यार्थिनी. १९४४ मध्ये त्यांनी तिला हाताखाली घेतलं. त्याच वर्षी ते पोलिओनं आजारी पडले आणि ती कथा लिहू लागली. मार्स्टन १९४७ मध्ये वारले, तोवर तिनं सत्तरहून जास्त कथा लिहिल्या होत्या. वर नाव मात्र ‘चार्ल्स मोल्टन’च. तिचा जाहीर सन्मान झाला २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी!

‘त्या धंद्यात पुरुषही नागवले गेले,’ असं यावर सांगितलं जातं. खरं आहे. सुपरमॅनचे सगळे हक्क जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्याकडून १३० डॉलरना घेतले गेले. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ मध्ये, तो गेल्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी. मालकांनी कष्टकऱ्यांना लुटलं, यात वाद नाही. पण बाईची लूट दुहेरी असते. टार्पे मिल्स हिनं १९४१ मध्ये ‘मिस फ्युरी’ ही साहसकथा स्वतः लिहिली, स्वतः रेखाटली. मात्र ‘जून’ हे आपलं पहिलं नाव तिनं गाळलं. कर्ती बाई आहे हे कळलं तर वाचक दुरावतील, म्हणून. बाई असण्यावर पांघरूण घालायची वेळ सीगल, शुस्टर, फिंगर यांच्यावर आली नव्हती.

मैत्रिणींनो, हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडच्या संयुक्त कृती समित्यांच्या बैठका आठवा. ‘ताई, तुमचं अक्षर छान आहे,’ असं म्हणत वही कुणाकडे सरकते? रात्र जागून पत्रक कोण लिहितं आणि खाली सही कुणाची असते? व्यासपीठावर सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालणारे हातच वही पुढे करतात. त्या हाराला भुलून आपण गप्प बसतो.

मला नवी वीरांगना नको. मला दोन साध्या गोष्टी हव्यात. जिनं लिहिलं तिचं नाव लिखाणाखाली छापा. आणि इतिवृत्ताची वही पाळीपाळीनं फिरू द्या, अध्यक्षांपासून सुरुवात करून. एवढंही ज्यांना जड वाटतं, त्यांनी आमच्या शक्तीचे गोडवे गाऊ नयेत.