तलवारीची लेव्हल

बेळगावच्या सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत वाया गेलेल्या पिढीतला मी. त्या खेळात एक गोष्ट फार प्रामाणिक होती. नकाशावर कुठंतरी जुने पवित्र अवशेष पडलेले असायचे. भिक्षू पाठवायचा, अवशेष उचलून मठात आणून ठेवायचा, की तिजोरीत सोनं ठिबकायला सुरुवात. त्या अवशेषानं शत्रू मरत नसे, भिंत पडत नसे, एक सैनिकसुद्धा जादा मिळत नसे. नुसतं सोनं. जुन्या वस्तूंचा सत्ताधाऱ्याला खरा उपयोग काय, हे खेळ बनवणाऱ्यांना आमच्या मंत्र्यांच्या आधी कळलं होतं.

आता कंग्राळीतली पोरं खेळतात ते खेळ जास्त लबाड. २०१८ सालचा ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ घ्या. त्यात लिओनिदासचा मोडका भाला नातवंडाच्या हाती येतो. तुकडे गोळा करत भाल्याची लेव्हल वाढवायची, की एकटा माणूस सगळी छावणी कापून काढतो. “काका, हे गावलं की कुणी टिकत नाही बघा,” असं घरातलं पोरगं मला सांगतं. त्याला मी काय बोलणार? तेरा वर्षांचं आहे. त्याच्या बापाचं वय पंचेचाळीस, आणि लंडनहून तलवार आली की आपला सुवर्णकाळ येणार, असं त्याचंही मत आहे. पोरगं निदान खेळ बंद करून जेवायला येतं.

या मोठ्यांच्या खेळाचा पहिला डाव महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुल्यांनी मांडला. १९८० साली सत्तेवर आल्यावर त्यांनी लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा केली. गाजावाजा भरपूर झाला, तलवार आली नाही. १९८२च्या सुरुवातीला अंतुल्यांचं पद गेलं, घोषणा मात्र राहिली. पुढच्यांनी ती जपून वापरली. २०२२ साली मंत्री सुधीर मुनगंटीवारांनी जगदंबा तलवारीचं नाव घेतलं आणि २०२४ची मुदत दिली. मग एक करार झाला आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली ती वाघनखं, तीसुद्धा तीन वर्षांच्या उसनवारीवर. तलवार मागायला गेलेला माणूस नखं घेऊन परत येतो आणि आम्ही ढोल-ताशे लावतो.

बरं, ती नखं तरी कुणाची? व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगतं की शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याला पुरावा नाही. सोबतच्या डबीवर ही शिवाजीची वाघनखं असं लिहिलंय खरं, पण त्याला आधार एवढाच, की ही वस्तू पेशव्यांच्या प्रधानानं साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना दिली, असंही तिथंच लिहिलंय. हे डफसाहेब स्कॉटलंडातल्या ईडन इस्टेटीचे, आणि ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये जगावर राज्य करू देणाऱ्या जादूच्या वस्तूंना ‘पीसेस ऑफ ईडन’ म्हणतात. योगायोगच, पण आमच्या बाबतीत फार नेमका बसलाय. कोल्हापूरच्या इंद्रजित सावंतांनी संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून पुराव्याचा प्रश्न लोकांपुढं मांडला, तर पुरावा मागणंच लोकांना झोंबलं. भक्ताला पावती मागितल्यासारखं झालं.

आणि समजा, नखं तीच आहेत. मग काय? १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला. त्याच्या आधी कित्येक आठवडे पंताजी गोपीनाथ वाटाघाटी करत होते, जावळीच्या रानात माणसं दबा धरून बसली होती, कान्होजी जेध्यांसारखे देशमुख वतनावर पाणी सोडून महाराजांबरोबर राहिले होते, तोफेचा इशारा आधी ठरला होता. आणि अठरा दिवसांत पन्हाळा हाती आला. पन्हाळा काही नखांनी ओरबाडून घेतला नव्हता. खेळात मात्र यातलं काहीच नसतं. भाला मिळाला, संपलं. वाटाघाटीची लेव्हल खेळायला कुणाला आवडते?

महाराजांची खरी ताकदवान वस्तू बघायची असेल तर चिपळूणच्या छावणीतल्या कारभाऱ्यांना त्यांनी पाठवलेलं पत्र काढून वाचा. वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेकडून काही ओरबाडू नका, जळती वात उंदरानं नेऊन गवताच्या गंज्या पेटतील ते बघा. घोडदळ चालवायचं म्हणजे उंदराचाही विचार करायचा, हे ज्याला कळत होतं तो माणूस राज्य उभं करतो. या पत्राची मिरवणूक निघत नाही. कागद उंच धरून फोटो चांगला येत नाही ना.

जगदंबा तलवारीचं तर आणखी मजेशीर आहे. १८७५ साली कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी, म्हणजे जेमतेम बारा वर्षांच्या मुलानं, ती प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिली. त्या वयाच्या मुलाची ‘भेट’ किती राजीखुशीची होती, हे ज्यानं त्यानं ओळखावं. पण पातं युरोपातलं आहे आणि त्यावर येशूच्या नावाची रोमन अक्षरं तीनदा कोरलेली आहेत. सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना घेतलेली रघूजी भोसल्यांची तलवार, तिचंही पातं युरोपातलंच. ही वस्तू घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निदान ती विकत घेतली, उसनी आणली नाही. चांगलं पोलाद जिथं मिळेल तिथून घ्यावं, एवढी अक्कल आमच्या पूर्वजांना होती. त्यांचे वारस आम्ही, दुसऱ्या लिपीतली पाटी दिसली की काळं फासायला डबा शोधतो. कन्नड बाजूचेही तेच करतात, म्हणून आमचं काळं पांढरं होत नाही.

आमच्याकडचा खेळ पुतळ्यांचा. ऑगस्ट २०२०मध्ये मणगुत्ती आणि पिरनवाडी इथं पुतळ्यांवरून वाद. डिसेंबर २०२१मध्ये बेंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई, लगेच बेळगावात कन्नड वीर संगोळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना. आणि सगळ्यांवर कडी राजहंसगडाची. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. २ मार्च २०२३ला भाजपचे मुख्यमंत्री बोम्मईंनी शिवपुतळ्याचं अनावरण केलं. ५ मार्चला काँग्रेसनं त्याच पुतळ्याचं पुन्हा अनावरण केलं. मग महाराष्ट्र एकीकरण समितीनं दुग्धाभिषेक करून पुतळा शुद्ध करून घेतला. एकाच अवशेषाचं सोनं तीन मठांनी ओढायला बघितलं. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा समितीचा एकही आमदार निवडून आला नव्हता. २०१८ लाही आला नव्हता. दूध कुठं मुरलं म्हणायचं?

तिकडं महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी. त्या दाव्याला ढोल-ताशे परवडत नाहीत, त्याला वकील, कागद आणि तारखा लागतात. वाघनखांसाठी मंत्री स्वतः लंडनला जातात, आमच्या खटल्याची तारीख मात्र आम्हाला ‘तरुण भारत’मध्ये वाचून कळते.

आता एक प्रश्न विचारतो, तो दोन्ही बाजूंना झोंबेल. लंडनमध्ये बेळगावची स्वतःची वस्तू आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? किल्ल्यातली कमल बस्ती १२०४च्या सुमाराची, रट्टांच्या काळातली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले, इथल्या जिनालयाला दिलेल्या दानाचे शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये पडून आहेत. ‘एपिग्राफिया इंडिका’त ते शंभर वर्षांपूर्वीच छापून झालेत. बेळगाव आमचंच म्हणून दोन राज्यं घसा फोडतात. हे दगड परत द्या असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही. मराठी पुढाऱ्याला ते नकोत, कारण अक्षरं कन्नड आहेत. कन्नड पुढाऱ्याला ते आठवत नाहीत, कारण दगडावर घोडा नाही, तलवार नाही, मतं नाहीत. जैन देवळाच्या दानपत्रानं कुणाची लेव्हल वाढते?

म्हणून तलवारीसाठी रडणाऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला खरं वाटत नाही. वस्तूंवर प्रेम असतं तर ते दगडांवरही दिसलं असतं.

एवढं लांबही जायला नको. बेळवडी आपल्याच जिल्ह्यात, बैलहोंगल तालुक्यात. १६७८ साली तिथल्या मल्लम्मानं मराठ्यांच्या फौजेशी झुंज दिली, आणि नंतर महाराजांनी तिला सन्मानानं वागवलं, म्हणून तिनं त्यांची शिल्पं घडवून घेतली, असं मानतात. त्यातलं एक धारवाड जिल्ह्यातल्या यादवाडला मारुतीच्या देवळापाशी आहे: वर घोड्यावरचे महाराज, खाली मल्लम्माचं मूल मांडीवर घेतलेले. कन्नड मुलखात, कन्नड राणीनं, मराठी राजाचं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना अडचणीचं, म्हणूनच त्यांच्या भाषणात येत नाही. येत्या रविवारी मोटारसायकलला किक मारा आणि पोरांना घेऊन जा. करार लागत नाही, विमान लागत नाही. रस्ता विचारायला कन्नड लागेल. तेवढं आपल्या सगळ्यांना येतं, उगाच येत नाही म्हणून सांगू नका.