55 टनांचं पार्सल

फ्लॅट बदलताना फ्रिज हलवायचा म्हटलं तरी आपण पॅकर्सवाल्याचं कोटेशन बघून घाम पुसतो. आता हे ऐका. 1632 साली परंड्याहून विजापूरला एक तोफ नेली. वजन सुमारे 55 टन, म्हणजे सत्तरएक मारुती आल्टो! ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल होते, असं सांगतात. अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 160 किलोमीटर आणि वाटेत भीमा नदी.

तोफेचं नाव मलिक-ए-मैदान. 1549 मध्ये निजामशाहीत, अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमीने ती ओतली. तिथून ती परंड्याला आली (तोही प्रवास काही सोपा नसणार). पुढे परंडा आदिलशहाकडे गेल्यावर मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. आज ती तिथल्या शेरझा बुरुजावर आहे. तोफेच्या तोंडाशी सिंहासारखा जबडा आणि जबड्यात चक्क हत्ती. फोटो भारी येतो.

मला मात्र त्या रस्त्याचं पडलंय. कुठे गेला तो?

परंडा धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे 2023 पर्यंतच्या उस्मानाबादेत. बार्शीपासून जवळच. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आत अजूनही तोफा. किल्ला सही आहे. पण बाहेर येऊन जुन्या रस्त्याचे दगड शोधू लागाल तर हाती काही लागणार नाही. नाणेघाटात दगडी पायऱ्या सापडतात, रोमजवळच्या आप्पियन रस्त्याची फरसबंदी लोक तिकडे चालत जाऊन बघतात. इथे आहे काळी माती. वाळली की टणक, भिजली की बैलाचे पाय रुतलेच. एवढं धूड ओढलं असेल ते कोरड्या दिवसांतच. गाड्या एकामागून एक त्याच खाचांतून जायच्या. चाकाने पाडलेली खाच ती चाकोरी. आपण सोमवारी सकाळी जिला शिव्या घालतो, तीच! पण नांगर फिरला की ती गायब.

याच जिल्ह्यातलं तेर हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात तगरचा माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचा, असं लिहिलंय. तेही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. म्हणजे इथे रस्ता बांधलेला नव्हताच, वापरून वापरून झालेला होता.

मग अशा रस्त्याचे अवशेष म्हणजे काय? नदीचा उतार, वाटेवरची एखादी बारव, आणि दोन टोकांना पोचलेला माल. किल्ल्याला पाटी मिळते, कुंपण मिळतं. उताराला आणि बारवेला कोण पाटी लावणार? रस्ता रुंद करताना आधी बुजते ती बारवच, कारण ती ‘रस्ता’ वाटतच नाही.

परंड्याला गेलात तर किल्ला बघून झाल्यावर पारावरच्या एखाद्या आजोबांना जुनी गाडीवाट कुठून जायची ते विचारा. बोट दाखवतील तिकडे थोडं चाला. फक्त पावसाळ्यात नको. चारशे बैल लावूनही तुमची गाडी निघणार नाही.