ऊस पारखतो, पाय कधी पारखणार?



तोड देण्याआधी आम्ही तुमच्या फडात येतो, रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकतो आणि ऊस पक्व झाला की नाही ते सांगतो. अंगातली साखर बघायची म्हटली, की मात्र आपण सगळेच "हंगाम उरकू दे, मग पाहू" म्हणतो.

आमच्या गटातील एक जुने सभासद, साखरेचा आजार असलेले, वर्षभर सांगत होते, "साहेब, दोन बांध चाललो की पोटरी भरून येते. थांबलं की बरं वाटतं." आम्ही म्हणालो, "दादा, वय झालं." पुढे उसाचा बुडखा लागून जखम झाली, चिघळली, आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आमचे ते बोलणे चुकले, हे येथे कबूल करतो.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की रक्तवाहिनीचे अस्तर बिघडते, आत चरबीचा थर बसतो. त्यात रक्तही लवकर गोठू पाहते. प्लेटलेट चिकट होतात, गाठ बांधणारे फायब्रिनोजेन वाढते आणि झालेली गाठ विरघळू न देणारे 'पीएआय-१' हे द्रव्यही वाढते. पाटात गाळ साचावा आणि त्यातच पाचट अडकावे, तशी गत. शेवटच्या सरीला, म्हणजे पायाला, पाणी पोचत नाही.

म्हणून कोणी फायब्रिनोजेन तपासायला शहराकडे पळू नये. नेहमीच्या उपचाराला ती तपासणी लागत नाही. डॉक्टरांनी पायाची नाडी पाहावी, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहावा. हे प्रमाण ०.९० किंवा कमी आले तर वाहिनी अरुंद झाली असे समजतात. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. साखरेने नसा बधिर होतात, दुखणे कळतच नाही. बिडी-तंबाखू सोडा, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व तीन महिन्यांची सरासरी साखर तपासत राहा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने घेऊ नका.

आमचे मत स्पष्ट आहे. दरसाल ऊस नोंदीच्या वेळी गट ऑफिसात साखरेच्या रुग्णांची पायतपासणी व्हावी. मा. संचालक मंडळाने हा विषय घ्यावा. सभासदांनीही त्या दिवशी चप्पल काढून रांगेत बसायला लाजू नये. आम्ही पहिले बसू.

— ऊस विकास अधिकारी