लाकडाचे रूप आणि लाकडाचा गुण



कडगंचीच्या एका तरुणास बास गिटार घडवून घ्यावयाची आहे. तिच्या अंगासाठी त्यास लाटा उमटलेले मेपल हवे. तुरीच्या पिकातून उरलेले पैसे वडिलांनी त्याच्या हाती दिले आहेत. म्हणून हे चार शब्द.

मेपलमधील लाटा म्हणजे नागमोडी वाढलेले तंतू होत. प्रकाश त्यांवरून निरनिराळ्या दिशांना परततो, म्हणून गुळगुळीत फळीही हलल्यासारखी भासते. इटलीत क्रेमोना येथील स्त्रादिव्हारी (मृत्यू १७३७) व्हायोलिनची पाठ बहुधा अशाच मेपलची करीत असे. परंतु विजेवरील गिटारचा नाद मुख्यत्वे तारा व पिकअप यांवर अवलंबून असतो. तेथे लाटा डोळ्यांसाठीच. शिवाय कठीण मेपल जड असते. सबंध अंग त्याचे केल्यास खांद्यास भार होईल. हलक्या लाकडावर त्याचा पातळ थर बसविला, तर शोभाही राहते व पैसाही वाचतो.

सोलापूर, पंढरपूर या मार्गाने मिरजेस जावे. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या दांडीस कारागीर तुनाचे लाकूड वापरतात. ते हलके असते व नीट वाळवूनच घेतात.

आपल्याकडील कडक उन्हाळ्यात ओले लाकूड पिळवटते, भेगाळते. तेव्हा प्रथम विचारावे, लाकूड किती वर्षे वाळले आहे? मग टोकांच्या चिरा तपासाव्या, फळी उचलून वजन पाहावे, आणि लाटा सर्वांत शेवटी पाहाव्या. चुकीची फळी परत घेणारा दुकानदार विरळा. आणि तुरीचे पीक वर्षातून एकदाच येते.