मृगाचा किडा आणि आमचें पांडित्य

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला म्हणजे घरांतील वडील माणसांनीं मुलांस परसांत न्यावें व चार गोष्टी सांगाव्या, असें आमचें जुनें मत आहे. गेल्या वर्षीं या मतास थोडी दुरुस्ती करावी लागली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

आमचें बिऱ्हाड सध्यां नागपुरांतील मिहान भागांत आहे. पूर्वीं खापरी, दहेगांव वगैरे गांवांचीं शेतें जेथें होतीं, तेथें आतां रुंद रस्ते व मोठमोठ्या कचेऱ्या झाल्या आहेत. घरामागें मात्र काळ्या मातीचा एक तुकडा अद्याप उघडा आहे. त्यावर फरशी बसविण्याचा चिरंजीवांचा बेत ठरला होता. पावसाळ्यांत चिखल थेट स्वयंपाकघरांत येतो, ही सूनबाईंची तक्रारही कांहीं खोटी नव्हती.

७ जूनच्या सुमारास सूर्य मृगांत जातो. त्यानंतरच्या पहिल्याच सरीच्या दुसऱ्या दिवशीं धाकटा नातू धांवत आला. "आजोबा, मातीवर मखमल चालते आहे!" पाहतों तों मृगाचे किडे! आम्हीं लागलीच व्याख्यान आरंभिलें. यासच संस्कृतांत इंद्रगोप म्हणतात. 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकांत विरहानें वेडावलेला पुरूरवा इंद्रगोपांनीं भरलेली कोंवळी हिरवळ पाहतो आणि तें उर्वशीचें आसवांनीं डागळलेलें पोपटी वस्त्रच, असें समजतो. शेवटीं, "कीटक म्हटला कीं पाय सहा," हें सूत्रही सांगून टाकिलें.

थोरली नात उकिडवी बसून मोजीत होती. ती म्हणाली, "आजोबा, आठ आहेत."

"नीट मोज."

तिनें पुन्हां मोजले. मग आम्हीं चष्मा पुसून स्वतः मोजले. आठच!

साठ वर्षें ज्यास किडा म्हणत आलों, तो कीटक नव्हेच. कोळी आणि गोचीड यांचा तो भाऊबंद. अंड्यांतून निघालेल्या त्याच्या पिलास मात्र पाय सहाच असतात, व तें इतर कीटकांच्या अंगास चिकटून त्यांचा रस पितें. मोठेपणीं पाय आठ होतात. मग तो लहान कीटक व त्यांचीं अंडीं खातो, वर्षाचा बहुतेक काळ जमिनीच्या पोटांत काढितो आणि पहिल्या पावसानंतर थोडा वेळ तेवढा वर येतो. हें सारें आम्हांस त्या दिवशीं पुस्तक उघडून नव्यानें शिकावें लागलें.

इकडे नातवानें तीन किडे काडेपेटींत कोंडले होते. सायंकाळीं त्यांतील एक निश्चल झालेला दिसला. राहिलेले दोन त्यानें मुकाट्यानें मातींत सोडले. रात्रीं पानावर बसल्यावर त्यानें विचारिलें, "फरशी घातल्यावर हे वर कसे येतील?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें सूनबाईच म्हणाली, "दारापाशीं चार फरशा पुरेत. बाकीची माती राहूं द्यावी."

बेत तसाच पार पडला. असो. येत्या मृगांत वाचकांनींही नातवंडांस घेऊन परसांत जावें. श्लोक अवश्य सांगावा. पण आधीं पाय मोजूं द्यावे, आणि काडेपेटी घरांतच ठेवावी.